सुईची भीती, गोवराची भीती आणि डोंगरउतारावरची एक वस्ती

ही वस्ती कागदावरची आहे, हे आधीच सांगून टाकते. ठाण्यात वागळे इस्टेटच्या मागे येऊरच्या डोंगराकडे चढत गेलेल्या वस्त्या ज्यांनी पाहिल्यात त्यांना ती ओळखीची वाटेल. खाली रस्त्याला लागून टॉवरचं संकुल, त्यामागे जुन्या चाळी, मध्येच घुसलेली एसआरएची, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसनाची, इमारत, आणि वर, जिथे रिक्षावाला यायला नाही म्हणतो तिथे, पत्र्याची घरं. वस्तीचे आकडे हिशेबासाठी मी घेतलेले आहेत. आजाराचे, लसीचे आणि इतिहासाचे आकडे मात्र खरे आहेत, आणि काळही खरा आहे: २०२२ चा शेवट.

त्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात मुंबईत गोवंडीच्या बाजूने गोवराच्या बातम्या यायला लागल्या. मग मालेगाव, भिवंडी, ठाणे. केंद्राने उद्रेकाच्या भागांसाठी सूचना काढल्या. नऊ महिने ते पाच वर्षांच्या मुलांना एक जादा डोस द्यायचा. आणि जिथे एकूण रुग्णांत नऊ महिन्यांखालची बाळं दहा टक्क्यांहून जास्त आहेत, तिथे सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांनाही. डिसेंबर २०२२ आणि जानेवारी २०२३ मध्ये राज्यात विशेष मोहीम झाली. आपल्या कागदी वस्तीतल्या नागरी आरोग्य केंद्रात त्या सुमारास वैद्यकीय अधिकारी नोंदवही उघडून बसल्या आहेत. नऊ महिने ते पाच वर्षं वयाची १,००० मुलं, त्यातल्या ९० टक्क्यांचे वयाप्रमाणे डोस पूर्ण. त्यांना एवढंच ठरवायचंय की काळजी किती करायची आणि माणसं कुठे पाठवायची.

हे ठरवायला नुसतं विषाणूचं गणित पुरत नाही. लोक काय म्हणतायत तेही त्याच गणितात घालावं लागतं, कारण आजार पाहून मत बदलतं आणि मत बदललं की आजाराची वाट बदलते.

नव्वद टक्के म्हणजे कुठे

गोवराइतका पसरणारा दुसरा आजार शोधून सापडणं कठीण. कोणाचीच प्रतिकारशक्ती नसलेल्या समाजात एक रुग्ण सरासरी १२ ते १८ जणांना लागण करतो असं मानतात. मी १५ धरते. रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत विषाणू तिथल्या हवेत राहू शकतो, त्यामुळे दहा बाय बाराच्या खोलीत दोन कुटुंबं राहत असतील तर बोलायलाच नको. लसीचे दोन्ही डोस झालेल्या शंभर मुलांपैकी ९७ सुरक्षित धरू. मोठी माणसं बहुतेक सुरक्षित असतात म्हणून हिशेब फक्त मुलांमुलांतला ठेवते. प्रत्यक्षातले आकडे त्यामुळे थोडे नरम निघतील, पण एका भागाची दुसऱ्याशी तुलना तीच राहते.

सगळी वस्ती एकत्र घेतली तर १,००० मुलांपैकी १२७ असुरक्षित. एक आजारी मूल साधारण १.९ मुलांना लागण करेल. साथ पसरेल, पण धावपळ केली तर आवरेल असा हा आकडा आहे.

आता तीच वस्ती चार भागांत पाहू, प्रत्येकात २५० मुलं. टॉवर, चाळी आणि एसआरए या तिन्ही ठिकाणी लसीकरण ९७ टक्के. वरच्या पत्र्याच्या घरांत ६९ टक्के. सरासरी काढा, नव्वदच येते. पण खालच्या तीन भागांत एक मूल ०.९ हून कमी मुलांना लागण करतं, म्हणजे तिथे साथ आपोआप विझते. वरच्या भागात ८३ मुलं असुरक्षित आहेत आणि एक मूल पाच मुलांना लागण करतं. वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या नोंदवहीतला नव्वद हा आकडा बरोबर आहे. फक्त त्या नव्वदात कोणीच राहत नाही.

मार्सेल सालाते आणि सेबास्टियन बोनहोफर यांनी २००८ मध्ये हेच नेटवर्कच्या गणिताने दाखवलं होतं: लस न घेणारे विखुरलेले असले तर समाज त्यांना पोटात घालतो, पण शेजाऱ्याचं ऐकून शेजारी नाही म्हणायला लागला की एकूण टक्केवारी तेवढीच राहून उद्रेकाची शक्यता वाढते. मतं घोळक्याने बदलतात, ही आपल्याकडे कोणाला नव्याने सांगायची गोष्ट नाही. चाळीत एकीच्या बाळाला डोसानंतर रात्रभर ताप भरला की त्या आठवड्यात त्या मजल्यावरून कोणी खाली उतरत नाही.

समीकरण मुंबईचंच

साथीचं मूळ गणित आपल्या अगदी शेजारचं आहे, म्हणून थोडं आडवाटेला जाते. विल्यम करमॅक आणि अँडरसन मॅकेन्ड्रिक यांनी १९२७ मध्ये तो प्रसिद्ध निबंध लिहिला, ज्यातून आजची बहुतेक मॉडेलं निघाली. मॅकेन्ड्रिक आधी इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये होते. त्या निबंधात समीकरण खऱ्या आकड्यांवर बसवून दाखवलंय ते मुंबईतल्या प्लेगच्या मृत्यूंवर, १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ या काळातल्या. घंटेच्या आकाराची ती वक्ररेषा जगभरच्या वर्गांत आजही शिकवतात.

त्या रेषेत माणसं काही करत नाहीत. लागण होते, बरी होतात किंवा मरतात. खरी मुंबई अशी कधीच नव्हती. १८९६ मध्ये प्लेग आल्यावर लोक हजारोंनी, लाखोंनी शहर सोडून गेले. १८९७ चा साथरोग कायदा झाला, घरझडत्या सुरू झाल्या, स्टेशनांवर प्रवाशांची तपासणी होऊ लागली, आणि लोक आजारी माणूस लपवायला लागले. पुण्यात त्याचा शेवट जूनमध्ये रँडच्या खुनापर्यंत गेला. हाफकिन यांनी मुंबईत तयार केलेली प्लेगची लस जानेवारी १८९७ मध्ये आधी स्वतःला टोचून घेतली, तरी संशय राहिलाच. १९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावी एका बाटलीतल्या लसीमुळे धनुर्वात होऊन १९ माणसं दगावली, तेव्हा त्या संशयाला पुरावा मिळाला. दोष त्या एका बाटलीपुरता होता. हाफकिन यांच्यावरचा ठपका पुढे पुसला गेला, पण त्याला काही वर्षं गेली. म्हणजे ज्या शहराच्या आकड्यांवर ते समीकरण बसवलं, तिथलेच लोक भीतीने, रागाने आणि अफवेने साथीची दिशा बदलत होते, आणि समीकरणात त्यांना जागा नव्हती.

ती जागा बरीच उशिरा मिळाली. ख्रिस बाउख आणि डेव्हिड अर्न यांनी २००४ मध्ये लस घेण्याचा निर्णय खेळाच्या सिद्धांताने, म्हणजे दुसरे काय करतील ते धरून प्रत्येक जण आपला फायदा-तोटा कसा तोलतो या गणिताने, मांडला, आणि २००५ मध्ये बाउख यांनी त्यात नक्कल घातली: लोक हिशेब करत बसत नाहीत, ते दुसऱ्यांकडे बघतात. शब्दांत लिहायचं तर असं:

हो म्हणणाऱ्यांत होणारी वाढ = नक्कलीचा वेग × हो म्हणणारे × नाही म्हणणारे × (आजाराची भीती − सुईची भीती)

आजाराची भीती आसपासच्या रुग्णांच्या संख्येवर अवलंबून. सुईची भीती मूळ मांडणीत ठरावीक धरलेली. या ओळीतला मधला गुणाकार मला सगळ्यात बोलका वाटतो. टॉवरमध्ये हो ०.९७ आणि नाही ०.०३, गुणाकार ०.०२९. वरच्या भागात हो ०.६९ आणि नाही ०.३१, गुणाकार ०.२१४. भीती तेवढीच असली तरी वरच्या भागात मन सातपट वेगाने हलतं, कारण तिथे दोन्ही प्रकारची माणसं एकमेकांच्या दारात उभी आहेत. आरोग्य केंद्रात 'वरची वस्ती ऐकत नाही' असं सरसकट म्हटलं जातं. गणित म्हणतं तीच सगळ्यात जास्त ऐकते. फक्त ती उलट दिशेनेही तितक्याच झपाट्याने ऐकते. अफवा आली की टॉवरमध्ये दोन टक्के हलतील, वर पंधरा.

भीती उशिरा येते

लागण झाल्यावर ताप यायला साधारण दहा दिवस लागतात आणि पुरळ दिसायला चौदा. पुरळ दिसण्याच्या चार दिवस आधीपासून मूल इतरांना लागण करत असतं. वरच्या भागात पहिल्या मुलाच्या अंगावर पुरळ उठतं तेव्हा पुढच्या पाचांपैकी बरेच जण आधीच लागण झालेले असतात. त्यात घरची पद्धत वेगळी. आजी म्हणते, गोवर निघालाय, बाहेर पडू दे, दाबू नका. कडुलिंबाचा पाला उशाशी येतो, मुलाला वारं लागू देत नाहीत, आणि डॉक्टरकडे नेत नाहीत. एक मूल आजारी म्हणजे अजून बातमी नाही. पाच मुलं आजारी झाली की बातमी होते, आणि तोपर्यंत त्या पाचांनी पुढच्या वीस-पंचवीस मुलांना लागण केलेली असते.

बाउखच्या ओळीतली आजाराची भीती आजचे रुग्ण बघून वाढते असं धरलंय. वस्तीत ती दोन आठवड्यांपूर्वीच्या लागणीवर वाढते. मॉडेलमध्ये हा उशीर घातला की चित्र पालटतं. उशीर नसेल तर भीती ब्रेकसारखी चालते, रुग्ण वाढले की लस वाढते, साथ मंदावते. पाचाच्या वेगाने पसरणाऱ्या आजारात दोन आठवडे म्हणजे साथीची एक पूर्ण पिढी, एका रुग्णापासून त्याने लागण केलेल्यांपर्यंतची. भीती जागी होते तेव्हा जे थांबवायचं होतं ते घडून गेलेलं असतं.

गोवराची भीती मुळात कमी का, तेही बघायला हवं. ज्यांच्या लहानपणी सगळ्यांनाच गोवर यायचा त्या पिढीला तो आजार वाटत नाही. अंगावर येऊन जाणारी एक पायरी वाटते. गोवरानंतर होणारा न्यूमोनिया गोवराच्या खात्यात लिहिला जात नाही. २०१९ मध्ये आलेल्या अभ्यासांनी दाखवलं की गोवराचा विषाणू शरीराने आधी कमावलेली प्रतिकारशक्तीची आठवणही पुसतो, म्हणून मूल पुढचे काही महिने, कधी वर्षंही, इतर आजारांना सोपं सावज होतं. दोन महिन्यांनी ते मूल आजारी पडलं तर आई म्हणते हवा बदलली. मॉडेलमध्ये आजाराची भीती म्हणून जो आकडा घालायचा तो खऱ्या धोक्यापेक्षा नेहमी लहान असतो, आणि त्याचं कारण लोकांचं अज्ञान एवढंच नाही. नुकसान उशिरा होतं आणि दुसऱ्याच नावाने होतं.

सुई टोचली आणि गोवर आला

या प्रकरणातला सगळ्यात अवघड भाग हा.

समजा पाच मुलं आजारी असल्याची बातमी पसरली, वस्ती घाबरली, आणि आरोग्य केंद्राने तातडीने सत्र लावलं. पहिलं मूल आणि ही पाच वजा करता वरच्या भागात अजून ७७ असुरक्षित मुलं आहेत. त्यातल्या तेवीसेकांच्या अंगात विषाणू आधीच आहे, पण कोणालाच दिसत नाही. रांग लागली आणि ७७ पैकी ५० जणांनी डोस घेतला, तर त्यात पंधराएक मुलं लागण झालेली असणार. लागण झाल्यापासून ७२ तासांच्या आत डोस मिळाला तर आजार टळू शकतो किंवा सौम्य होतो. त्यानंतर मिळालेला डोस या वेळेपुरता उपयोगी पडत नाही. म्हणजे सत्रानंतर आठ-दहा दिवसांत अशी दहाबारा मुलं पुरळाने लाल होतील, ज्यांना सगळ्यांच्या देखत सुई दिलेली होती.

त्यात भर म्हणजे गोवराची लस स्वतःही काही मुलांना सात ते बारा दिवसांनी ताप आणते, थोड्यांना फिकट पुरळही येतं. ते निरुपद्रवी असतं, पण दिसायला तेच असतं.

आता त्या गल्लीतल्या बाईने काय समजायचं? तिने सुई पाहिली, मग गोवर पाहिला. तिचा निष्कर्ष चुकीचा आहे, पण तिच्या डोळ्यांपुढचा क्रम खरा आहे. मूळ समीकरणात सुईची भीती ठरावीक आहे. इथे ती ठरावीक राहत नाही. साथ ऐन भरात असताना जितकी जास्त लस द्याल तितकी ती वाढते. मी मॉडेलमध्ये सुईच्या भीतीला एक पद जोडते: लागण होऊन न दिसणारी मुलं × त्या आठवड्यात दिलेले डोस. या एका पदामुळे महिनाभर आधी घेतलेलं सत्र आणि साथीच्या दुसऱ्या पिढीत घेतलेलं सत्र यांचा मतावरचा परिणाम वेगळा होतो, डोस तेवढेच असले तरी. आधीच्या सत्रातून हो म्हणणारे वाढतात. नंतरच्या सत्रातून मुलं वाचतात, पण काही आया पुढच्या बाळाच्या वेळी दार लावून घेतात.

याचा अर्थ साथीत लस देऊ नये असा कोणी काढू नये. उरलेली ३५ मुलं त्या सत्राने वाचू शकतात. फक्त हे पद आधी बोलून टाकलं तर त्याची धार जाते. सिस्टरने सुई देतानाच सांगायचं: "आई, ह्याला आधीच लागण झाली असेल तर आठ-दहा दिवसांत गोवर दिसेल. तो सुईचा नसेल. ताप आला तर मला फोन करा, घरी बसू नका." गोवर निघाल्यावर हे सांगितलं तर सारवासारव वाटते.

खाली टॉवरमध्ये वेगळाच घोळ होतो. तिथे साथ पसरत नाही, पण पाळणाघरातून, कामाच्या बाईच्या मुलाकडून असे सुटे रुग्ण येतात. १०० मुलांत ९७ लस घेतलेली, त्यातली जवळजवळ तीन असुरक्षित; न घेतलेली तीन, तिन्ही असुरक्षित. म्हणून टॉवरमध्ये दहा मुलं आजारी पडली तर त्यातली पाच लस घेतलेली निघतील. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी लिहिणारच: 'निम्म्या मुलांचे डोस झाले होते. मग उपयोग काय?' ९७ जणांतून पाच आणि तीन जणांतून पाच यात किती फरक आहे हे त्या ग्रुपवर कोणी मांडत नाही. गंमत अशी की वरच्या भागात, जिथे लसीकरण कमी आहे, आजारी मुलांत लस घेतलेली शंभरात सहाच निघतील. लसीकरण जितकं चांगलं, तितका लसीविरुद्धचा दिसणारा पुरावा भक्कम. मी टॉवरच्या ९७ ला म्हणूनच कायमचं धरत नाही.

बघू

आतापर्यंत हो आणि नाही असे दोनच गट केले. वस्तीत घरोघरी फिरणाऱ्या आरोग्य कार्यकर्तीची, आशा ताईंची, नोंदवही उघडली की हे टिकत नाही. लस न घेतलेल्या मुलांच्या आयांपैकी ठाम नकार देणाऱ्या थोड्या. बाकीच्यांची उत्तरं अशी: गावाला गेलो होतो. मूल आजारी होतं. कार्ड गावी राहिलं. ह्यांना विचारून सांगते. हा तिसरा गट, 'बघू' म्हणणाऱ्यांचा, मॉडेलमध्ये वेगळा करावा लागतो, कारण त्याला हलवणाऱ्या गोष्टी वेगळ्या आहेत.

बुधवारी अंगणवाडीत सत्र असतं. बारा वाजायला आलेत. लसीचा निळा डबा टेबलावर, शेजारी सिस्टर, दारात आशा ताई. एक आई कडेवर बाळ घेऊन येते.

"ताई, आज ह्याचा डोस आहे ना?"

"हो गं, ये, बस. आणखी दोघी येऊ देत, मग सिस्टर बाटली फोडतील."

"किती वेळ लागेल? खाली कामावर जायचंय, मॅडमना उशीर चालत नाही."

"अर्धा तास बस की."

"नको. पुढच्या बुधवारी बघू."

गोवर-रुबेलाच्या लसीची बाटली पाच किंवा दहा डोसांची येते. भुकटीत पाणी मिसळलं की चार तासांत वापरायची, उरलं ते फेकून द्यायचं. एका मुलासाठीही बाटली फोडा असंच सांगणं असतं. पण वाया गेलेल्या डोसांचा हिशेब कोणीतरी विचारेल ही धास्ती टेबलामागे असते. त्या आईच्या मनात आजाराची भीती सुईच्या भीतीपेक्षा जास्तच होती. ती उतरून आली होती. ती 'बघू' झाली ती अर्ध्या तासामुळे आणि दिवसाच्या पगारामुळे. तिला गोवराचे फोटो दाखवून काही साधत नाही. म्हणून मॉडेलमध्ये 'बघू' कडून 'हो' कडे जाण्याचा वेग भीतीशी कमी आणि खटपटीशी जास्त बांधते: सत्राची वेळ, चढ, थांबणं, रात्री ताप आला तर कोणाला विचारायचं.

याचा आकड्यांत फरक किती पडतो? वरच्या भागातले ३१ टक्के असे वाटू: २४ टक्के बघू, ७ टक्के नाही. काहीच केलं नाही तर साथ उतरेपर्यंत ८३ पैकी ८२ मुलांना गोवर होईल. सगळी ताकद लावून सातही टक्के नकारवाल्यांना पटवलं आणि बघूवाल्यांना तसंच सोडलं, तर लसीकरण ७६ टक्के होतं आणि रुग्ण साधारण ६४. बघूवाल्यांपैकी दोन तृतीयांश आले तर लसीकरण ८५, रुग्ण चाळीसेक. सगळेच बघूवाले आले तर ९३, आणि रुग्ण चौदाएक.

चोख वाचक इथे विचारेल, आणि बरोबर विचारेल, की बघूवाली मुलं साठ आहेत आणि नकारवाली सतरा-अठरा, मग फरक नुसता संख्येचा नाही का? बराचसा आहे. एका डोसामागे टळणारे रुग्ण दोन्हीकडे जवळपास सारखेच: एक, किंवा एकाहून किंचित जास्त. फरक श्रमांत आहे. एका ठाम नकाराच्या दारात पाच वेळा जावं लागतं आणि तरी खात्री नसते; तेवढ्या वेळात एक संध्याकाळचं सत्र होतं. आणि क्रमातही आहे. ९३ वर पोचल्यानंतर उरलेला प्रत्येक नकार जास्त मोलाचा होतो, कारण वस्ती, साथ आपोआप विझते त्या उंबरठ्याच्या अगदी जवळ आलेली असते. आपल्या गृहीतकांप्रमाणे तो उंबरठा ९६ टक्क्यांच्या थोडा वर आहे. आधी बघू, मग नाही, असं गेलं तर नकारवाल्यांच्या दोन्ही बाजूंच्या घरांतून तोपर्यंत हो झालेलं असतं, आणि नक्कलीच्या गुणाकाराला खत मिळतं. उलट क्रमाने, म्हणजे सर्वात मोठ्याने नाही म्हणणाऱ्यांपासून सुरुवात केली, तर वाद गल्लीत रंगतो आणि बघूवाले तो ऐकत उभे राहतात. मोहिमांत ही चूक सर्रास होते, कारण नकार उठून दिसतो आणि वरिष्ठांच्या बैठकीत त्याचीच यादी मागितली जाते.

२७ नोव्हेंबर २०१८ ला राज्यात गोवर-रुबेलाची मोठी मोहीम सुरू झाली तेव्हा लक्ष्य नऊ महिने ते पंधरा वर्षांखालची मुलं होती आणि सुई बऱ्याच ठिकाणी शाळेत दिली गेली. शाळेत रांगेत उभ्या मुलांपैकी एकीला भोवळ आली की पुढच्या चौघींना येते; सुईच्या धास्तीने येणारी भोवळ हा लसीकरणातला ओळखीचा प्रकार आहे. पण शाळेचा एक गुण मॉडेलच्या नजरेतून फार मोठा आहे: तिथे यायला आईला अर्धा दिवस मोडावा लागत नाही. बघू हा गट शाळेत जवळजवळ उरतच नाही. पाच वर्षांखालच्या मुलांना ही सोय नाही, आणि साथ त्यांच्यातच फिरते.

विसर

साथ उतरली की आजाराची भीती रुग्णांबरोबर खाली येते, सुईच्या आठवणी मात्र राहतात. ब्रिटनमध्ये १९७४ नंतर डांग्या खोकल्याच्या लसीवरून अशीच भीती पसरली, लसीकरण ऐंशी टक्क्यांच्या आसपासून तिसाच्या घरात आलं, मोठ्या साथी आल्या, आणि विश्वास परतायला दशकाहून जास्त काळ गेला. गोवराच्या लसीचा ऑटिझमशी संबंध सुचवणारा वेकफिल्ड या ब्रिटिश डॉक्टरचा १९९८ चा लेख मागे घेतला गेला तो २०१० मध्ये. वर चढणारी आणि खाली उतरणारी भीती एकाच वेगाने चालत नाही, म्हणून दोघींना मॉडेलमध्ये वेगळे वेग द्यावे लागतात.

वरच्या भागात विसरायला वेळही फार मिळत नाही. २५० मुलं सव्वाचार वर्षांच्या वयोगटात पसरलेली, म्हणजे दर वर्षी साठेक नवी बाळं नऊ महिन्यांची होतात. लसीकरण पुन्हा ६९ वर घसरलं तर दर वर्षी वीसेक असुरक्षित मुलांची भर. साथ पेटायला या भागात सतरा मुलं पुरतात. वर्षभरात वस्ती पुन्हा तिथेच.

नोंदवहीतला रकाना

या मॉडेलमध्ये कच्चे दुवे आहेत. चार भाग एकमेकांपासून तोडून हिशेब केला. खऱ्या वस्तीत वरची मुलं खालच्या बालवाडीत येतात. सगळ्यांची भीती सारखी धरली. घरात निर्णय कोणाचा, सासूचा की नवऱ्याचा, हे घेतलं नाही. नकार आणि बघू यांची वाटणी २४ आणि ७ अशी घेतली, आणि सगळा निकाल त्या वाटणीवर झुकलेला आहे.

तीच वाटणी मोजायला सगळ्यात सोपी आहे. ड्यू लिस्टमध्ये, म्हणजे डोस द्यायच्या मुलांच्या यादीत, डोस झाला किंवा राहिला एवढं असतं. राहिलेल्यापुढे आणखी एक रकाना आखायचा: बघू की नाही, बघू असेल तर कशामुळे, आणि पुढची तारीख कोणती सांगितली. आशा ताई हे तसंही लक्षात ठेवतातच, विचारलं तर गल्लीतल्या घरागणिक सांगतात. वरच्या भागातलं सत्र महिन्यातून दोनदा संध्याकाळी सातला, खालची कामं आटपून बाया परत येतात तेव्हा घ्यायचं आणि बाटली पहिल्या मुलालाच फोडायची. या बुधवारी बघू म्हणणाऱ्यांपैकी पुढच्या बुधवारी किती हो झाल्या, किती नाही झाल्या, आणि त्यातल्या कितींच्या शेजारच्या घरात त्या आठवड्यात डोस झाला होता, हे त्या रकान्यातून निघतं. नक्कलीचा वेग मग अंदाजाने घालावा लागत नाही. दोन बुधवारांच्या वजाबाकीतून तो काढता येतो.